वादीची प्रतिमा : मराठी वाङ्मयातील दिवाणी दावा, अपकृत्य आणि न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे की ती कोणत्या अनुभवातून निघाली याचा विचार करण्याचे सहसा कोणास कारण पडत नाही. दत्तकाचे तंटे, वतनाचे तंटे, भाऊबंदकीतील वाटण्या यांत पिढ्यान् पिढ्या बुडालेल्या घराण्यांचा हा अनुभव होय. हुकूमनामा आजोबाने मिळवावा, दरखास्त नातवाने चालवावी आणि दरम्यान ज्या वाड्यासाठी दावा लावला तो वाडाच पडून जावा, अशा कथा प्रत्येक जुन्या गावी ऐकावयास मिळतात. म्हण खोटी नाही. परंतु तिचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. खोडसाळ दावे लावणारास तिने कधी थांबविल्याचे दिसत नाही. ज्याचे खरोखर नुकसान झाले त्याला मात्र तिने पायरीपाशीच रोखून धरले.

मराठी वाङ्मयात न्यायालय पुष्कळ आले आहे. नाटकात तर ते वारंवार येते. पण त्यात जो उभा असतो तो बहुधा आरोपी असतो. आपले नुकसान झाले, ते अमुकाने केले, त्याने ते भरून द्यावे, एवढीच साधी मागणी घेऊन आलेला वादी मराठी कथा-नाटकांत क्वचितच आढळतो. ज्याला कायदेपंडितांनी 'अपकृत्य' असा प्रतिशब्द योजिला तो शब्दही कोशातच राहिला. 'खटला', 'फिर्याद', 'आरोप', 'शिक्षा' हे शब्द जसे बोलण्यात भिनले तसा तो भिनला नाही. 'खटला' हा एकच शब्द दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही कामांस सर्रास लावला जातो, हेही सूचक आहे. नुकसानभरपाईचा कायदा या देशात कलमबद्ध झालाच नाही. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता, तो तसाच पडून राहिला. न्यायाधीशांच्या निकालांतून जे तत्त्व हळूहळू साकारले तेवढेच हाती उरले. ज्या कायद्याला संहिता नाही त्याला लोकांच्या भाषेतही घर मिळाले नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

हा प्रश्न केवळ शब्दांचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. नागपूरच्या उत्तरेस कोराडी हे गाव आहे. जगदंबेचे ठाणे म्हणून ते जुन्या काळापासून प्रसिद्ध, आणि १९७४ पासून औष्णिक वीजकेंद्राचे गाव म्हणून. दगडी कोळसा जाळला की राख उरते. ती पाण्यात कालवून नळांवाटे दूरच्या तलावात सोडतात आणि बांध घालून अडवून ठेवतात. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत या केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल आजूबाजूच्या शेतांत व ओढ्यानाल्यांत पसरला. अपकृत्याच्या कायद्याचा कोणीही विद्यार्थी ही हकिकत वाचताच एक जुना निकाल आठवील. लँकेशायरमधील एका गिरणीवाल्याने बांधलेल्या जलाशयाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले, आणि जो आपल्या जमिनीवर निसटण्याजोगी घातक वस्तू आणून साठवितो त्याने ती निसटल्यास होणारी हानी भरून दिली पाहिजे, मग त्याची हयगय असो वा नसो, असे तत्त्व रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या दाव्यात १८६८ मध्ये लॉर्ड सभेने मान्य केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये त्याही पुढे जाऊन, घातक उद्योग चालविणाऱ्यास कोणताही अपवाद पुढे करता येणार नाही, असे ठरविले. बांध, साठवण, निसटणे, शेजाऱ्याची जमीन: नियमाची सारी अंगे कोराडीच्या परिसरात प्रत्यक्ष दिसतात. तरीही अशा वादीची कथा मराठीत का निर्माण होत नाही, याचे उत्तर शोधावयाचे तर मराठी समाजाने स्मरणात ठेवलेल्या दाव्यांकडेच वळले पाहिजे.

त्यांत ताईमहाराज प्रकरणाइतके दुसरे कोणतेही प्रसिद्ध नाही. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्रान्वये लोकमान्य टिळक, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे आणि इतर काही गृहस्थ विश्वस्त झाले. विधवा ताईमहाराज त्या वेळी वयाने अगदी लहान. पुढे जन्मलेला मुलगाही दगावला, तेव्हा दत्तक घेणे प्राप्त झाले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे. काही आठवड्यांतच ताईमहाराजांनी ते नाकारले, विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करण्यासाठी अर्ज केला, आणि कोल्हापूरकडील बाळामहाराज यांस दत्तक घेतले. येथवरचा तंटा सरदार घराण्यांत घडतो तसाच आहे.

त्याला वेगळे वळण लागले ते जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्या निकालाने. १९०२ मध्ये त्यांनी प्रोबेट रद्द केले, एवढ्यावर न थांबता टिळकांवर खोटी साक्ष, बनावट पुरावा वगैरे आरोप ठेवून प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे पाठविले. उच्च न्यायालयाने प्रोबेटविषयीचा निर्णय फिरविला, तरी फौजदारी काम चालूच राहिले. ऑगस्ट १९०३ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जानेवारी १९०४ मध्ये सत्र न्यायाधीशांनी ती सहा महिन्यांवर आणली. आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने टिळकांस निर्दोष ठरवून सोडले. दिवाणी वादाचे रूपांतर फौजदारी खटल्यात होऊन प्रतिपक्षाऐवजी खुद्द न्यायासनच फिर्यादी कसे बनते, याचा याहून ठळक नमुना त्या काळात सापडणे कठीण.

येथे कायद्यातील एक पोकळी ध्यानात घ्यावयास हवी. द्वेषमूलक खटल्याबद्दल भरपाई मागावयाची तर वादीला पाच गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रतिवादीने खटला भरला, तो वादीच्या बाजूने संपला, खटल्यास वाजवी व संभाव्य कारण नव्हते, प्रतिवादीच्या मनात द्वेषबुद्धी होती, आणि वादीची हानी झाली. यांतील दुसरी व पाचवी गोष्ट टिळकांच्या बाबतीत निर्विवाद. पण पहिल्याच पायरीवर वाट अडते, कारण खटला पाठविला न्यायाधीशाने, आणि १८५० चा न्यायाधिकारी संरक्षण अधिनियम अशा अधिकाऱ्यास दिवाणी दाव्यापासून अभय देतो. खोट्या दिवाणी दाव्याविषयी तर इंग्रजी कायद्याची भूमिका याहून ताठर. क्वार्ट्झ हिल खाण कंपनीच्या १८८३ च्या निकालापासून असे मानले गेले की सामान्य दिवाणी दाव्याने माणसाची अब्रू जात नाही, आणि जिंकणाऱ्यास खर्च मिळाला की त्याची हानी भरून निघते. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेत खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देण्याचे ३५-अ हे कलम पुढे आले खरे, पण तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये! ज्याची वीस वर्षे गेली त्याच्यासाठी ही तरतूद थट्टाच ठरते. महाराष्ट्राने १९७१ मध्ये त्रासदायक दावे रोखण्याचा स्वतंत्र अधिनियम केला. सामान्य वाचकास त्याचे नावही ठाऊक नसते.

मूळ दिवाणी दावा मात्र चालूच होता. खालच्या न्यायालयाने औरंगाबादचे दत्तविधान मान्य केले, १९१० मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने ते अमान्य केले, आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा मान्य केले. १९२० च्या जुलैत टिळक मुंबईस गेले तेही याच प्रकरणाच्या कामासाठी. १ ऑगस्टला तेथेच त्यांचा अंत झाला.

या प्रकरणाची कथा मराठी वाचकास मिळाली ती मुख्यतः चरित्रकारांकडून, त्यातही न. चिं. केळकर यांच्या १९२३ ते १९२८ या काळात निघालेल्या त्रिखंडात्मक चरित्रातून. केळकर स्वतः कायद्याचे पदवीधर आणि टिळकांचे सहकारी. कागदपत्रांवरील त्यांची पकड आणि तारखांविषयीची दक्षता आजच्या चरित्रकारानेही हेवा करावा अशी आहे. पण कथनाची मांडणी पाहिली तर ती राजकीय छळाची कथा आहे, आणि अशा कथेत पात्रे दोनच असतात: छळणारे आणि छळला जाणारा. ताईमहाराज या तिसऱ्या व्यक्तीसाठी त्यात जागा उरत नाही. त्या मग भरीस पडणारी, कान हलके असणारी एक अल्पवयीन विधवा एवढ्याच रूपाने येतात. चरित्रपरंपरेने ही प्रतिमा पुढे इतकी गिरवली की त्या १९०३ मध्येच, फौजदारी खटल्याचा शेवट होण्यापूर्वी, वारल्या हेही बहुतेक वाचकांच्या ध्यानात राहत नाही. पुढची सारी लढाई त्यांच्या नावाने ओळखली गेली, आणि त्या मात्र ती पाहावयास नव्हत्या.

टिळक निर्दोष होते, आणि ताईमहाराजांस आपल्या दत्तकाविषयी स्वतःचे मत असणेही स्वाभाविक होते. या दोन विधानांत विरोध नाही. विरोध भासतो तो चरित्रकाराने न्यायालयाचीच रीत पत्करल्यामुळे. न्यायालयास एकाचे म्हणणे खरे व दुसऱ्याचे खोटे ठरवावे लागते. वाङ्मयावर ते बंधन नाही. कैफियतीत जे मांडता येत नाही ते मांडण्याची मोकळीक चरित्रकारास होती. ती त्याने घेतली नाही, हा या प्रकरणावरील मराठी लेखनाचा मोठा दोष होय.

याच प्रकरणातून चिरोल प्रकरण निघाले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने १९१० च्या आपल्या ग्रंथात टिळकांवर जी विधाने केली त्यांत ताईमहाराज प्रकरणाचाही उल्लेख होता. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल हाती पडल्यावर टिळकांनी अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा लावण्याचे ठरविले, आणि २९ जानेवारी १९१९ पासून लंडनमध्ये न्यायमूर्ती डार्लिंग व ज्यूरी यांच्यापुढे तो चालला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. २१ फेब्रुवारीस टिळक हरले. खर्च सुमारे तीन लाख रुपयांच्या घरात गेला, तो भरून काढण्यासाठी महाराष्ट्राला निधी उभारावा लागला.

या दाव्याचे वर्णन बहुधा परकीय ज्यूरीचा पक्षपात या एकाच अंगाने केले जाते. तो होताच. तथापि अब्रुनुकसानीच्या दाव्याची घडणच अशी आहे की वादीने न्यायालयात पाऊल टाकले की त्याचे पूर्वायुष्य चौकशीस खुले होते. 'मी लिहिले ते खरे आहे' एवढा बचाव प्रतिवादीने घेतला की साक्षीच्या पिंजऱ्यात वादीचीच उलटतपासणी सुरू होते. कार्सन यांनी नेमके हेच केले. १८९७ आणि १९०८ च्या शिक्षा, 'केसरी'तील लेख, जुनी भाषणे, सारे ज्यूरीपुढे मांडले गेले. भरपाई मागावयास गेलेला माणूस पुन्हा आरोपी झाला, आणि यावेळी आपल्या खर्चाने! म्हणीतली पायरी महाराष्ट्राच्या मनात जी पक्की बसली ती या दाव्याने अधिकच, असे मानावयास जागा आहे. ज्या दाव्यात वादी वादी राहतो, ज्यात त्याच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही, फुटलेला बांध आणि बुडालेले पीक एवढेच पुरते, असा दावाही असू शकतो ही गोष्ट या छायेत झाकली गेली.

वादीचा आरोपी होण्याची ही क्रिया मराठी रंगभूमीवर सर्वांत निर्दयपणे दाखविली ती विजय तेंडुलकरांनी. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले आणि सुलभा देशपांडे यांनी बेणारेबाईंची भूमिका केली. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करणारी एक हौशी मंडळी गावी येते आणि वेळ घालविण्यासाठी आपल्यातल्याच एका शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा लटका खटला चालविते. नाटकावर स्त्रीच्या कोंडीच्या अंगाने विपुल लिहिले गेले आहे, ते उचितच. त्यातील प्रक्रियेकडे मात्र टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

काशीकर न्यायासनावर बसतात आणि तेथून उठून साक्षही देतात. ऐकीव गोष्टी पुरावा ठरतात. ज्याच्याविषयी सारी चौकशी चालली आहे ते प्राध्यापक दामले गैरहजर, आणि त्यांना बोलाविण्याची गरज कोणास भासत नाही. साक्षीदारांपैकी प्रत्येकाजवळ बाईंविषयी एक खाजगी गोष्ट आहे, जी एरवी उघड बोलण्याचे धाडस त्याला झाले नसते. खेळातील न्यायालय त्याला ते धाडस पुरविते. येथेच तेंडुलकरांची अचूक नजर दिसते. खऱ्या न्यायालयात साक्षीदाराने जे सांगितले त्याबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लागत नाही. ते अभय सत्य निर्भयपणे सांगता यावे म्हणून दिलेले असते. या मंडळींनी ते अभय तेवढे उचलले आणि ज्या अटींवर ते मिळते त्या, शपथ, पुरावा, तटस्थ न्यायाधीश, खेळ म्हणून सोडून दिल्या. न्यायप्रक्रियेच्या दुरुपयोगाची व्याख्या करावयाची झाली तर याहून नेमकी सापडणार नाही: स्वरूप न्यायालयाचे, हेतू दुसराच.

आणि बेणारेबाईंनी दुसऱ्या दिवशी खऱ्या न्यायालयात जावयाचे ठरविले असते तर? कायद्याने दावा उभा राहतो. लटक्या न्यायालयास कोणतेही अभय नाही. पण चिरोलचा मार्ग तेथेही मोकळाच. विधाने खरी आहेत असे प्रतिवादींनी म्हणावे, आणि बाईंची तीच उलटतपासणी, तीच साक्षीदारांची रांग, खऱ्या काळ्या डगल्यांसह पुन्हा सुरू व्हावी. नाटकाच्या अखेरीस बाईंजवळ बोलण्यासारखे पुष्कळ असते आणि ऐकून घेणारे न्यायालय नसते, हे जे वाटते त्याचे कारण केवळ भोवतालच्या माणसांच्या दुष्टपणात नाही. नाटकाचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे. बाईंचे प्रदीर्घ स्वगत प्रभावी आहे, पण ते आरोपीच्या निवेदनाच्या साच्यात बसविलेले आहे. आपणास नोकरीवरून काढले जाणार, म्हणजे काही हिरावले जात आहे, ही मागणीची बाजू त्यात पुढे येत नाही. तेंडुलकरांसारख्या लेखकालाही वादी सुचला नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट या बाबतीत अधिक खोलात जातो. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की त्याचे गीत ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. कांबळेंची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. त्यांच्या संथ, कोरड्या बोलण्यात विदर्भातील चळवळीची जी मुरलेली धग आहे ती कमावलेल्या नटाला साधली असती की नाही याची शंका वाटते. खटला हास्यास्पद आहे, जामीन मिळतो, आणि पुन्हा दुसऱ्या कायद्याखाली अटक होते. चित्रपटाचा गाभा मात्र मृत कामगाराच्या पत्नीच्या साक्षीत आहे. पतीस कोणतीही सुरक्षा साधने मिळत नव्हती. गटारात आधी खडा टाकून पाहावयाचा, झुरळ बाहेर आले तर वायू नाही असे समजावयाचे. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून दारू प्यावयाची. हे सारे ती थंडपणे सांगते. न्यायालय ते एका शाहिराच्या अपराधाचा पुरावा म्हणून नोंदविते. वस्तुतः त्या खोलीत तिने जे सांगितले तो हयगयीचा पूर्ण सिद्ध झालेला दिवाणी दावा आहे. प्रतिवादी कोण हे उघड आहे. दावा मात्र कोणीच लावीत नाही, आणि ती बाई साक्ष संपवून निघून जाते. गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच २०१४ साली दिला, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. पण तोही जनहिताच्या अर्जावर. चित्रपटाने या गोष्टीचा उच्चारही केलेला नाही. तो न करणे हेच त्याचे सामर्थ्य होय.

कोराडीचा प्रश्न येथे पुन्हा येतो. तेथील शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावयाचे ठरविले तरी ती आता त्याच्यासाठी फारशी उरलेली नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाने पर्यावरणाच्या हानीबद्दलच्या भरपाईचे काम न्यायाधिकरणाकडे सोपविले आणि कलम २९ अन्वये दिवाणी न्यायालयांचा अधिकार काढून घेतला. मोबदल्यात एक मोठी गोष्ट दिली: अपघाताच्या प्रकरणी प्रतिवादीचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. पोलॉकच्या मसुद्याला जे साधले नाही ते एका अर्थी येथे साधले. पण न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास, आणि शेत कामठी तालुक्यात. त्यामुळे जो मार्ग जवळचा तोच शेतकरी धरतो: तलाठ्याकडे अर्ज, महसूल खात्याचा पंचनामा, मग मिळेल ती रक्कम. तिला कागदोपत्री काहीही म्हणोत, गावात तिचे नाव 'मदत' असेच आहे. अर्जाचा मायनाही ठरलेला, तो विनंतीने सुरू होतो आणि कृपेच्या अपेक्षेने संपतो. पुण्यास जाणाऱ्या कागदावरही त्याचे नाव 'अर्जदार' या शब्दाखालीच येते. 'वादी' हा शब्द तेथेही त्याच्या वाट्यास येत नाही.